इन्स्पेक्शनमध्ये इंटर्नशिप पाहिजे, शोधायची कुठं आणि जायच्या आधी काय शिकून जावं?

कराडची_मेक

नमस्कार. मी बी.ई. मेकॅनिकल थर्ड इयरला आहे, कॉलेज कराडजवळ. परीक्षा संपली की उन्हाळ्यात इंटर्नशिप करायचीय आणि ती क्वालिटी किंवा इन्स्पेक्शनमध्येच पाहिजे. आमचा अख्खा वर्ग डिझाइनच्या मागं पळतोय, सॉफ्टवेअरचे क्लास लावलेत सगळ्यांनी, मला दिवसभर स्क्रीनसमोर बसायचा कंटाळा येतो पण मेट्रॉलॉजीचं (मोजमापाचं) प्रॅक्टिकल मात्र मनापासून आवडलं होतं, तिथून हे डोक्यात शिरलं.

अडचण अशी की इंटर्नशिपच्या वेबसाइटवर क्वालिटी टाकलं की सॉफ्टवेअर टेस्टिंग येतं आणि इन्स्पेक्शन टाकलं की काहीच येत नाही. कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्या सरांना विचारलं तर म्हणाले तू कंपनी शोध, लेटर आम्ही देतो. ओळख म्हणाल तर शून्य, वडील शेती करतात, एमआयडीसीत नात्यातलं कुणी नाही.

त्यात एका इन्स्टिट्यूटवाल्याचा सारखा फोन येतोय, एनडीटी (जॉब न तोडता आतले-बाहेरचे दोष शोधायची टेस्टिंग) लेव्हल २ करा, दहा दिवसांचा कोर्स, पाच मेथड, पस्तीस हजार, नोकरी पक्की. घरचे म्हणतायत करून टाक. मला काही खात्री वाटत नाही.

तर शोधायचं कुठं, आधी काय वाचून जायचं, तो कोर्स करावा का, आणि मुलगी म्हटल्यावर शॉपफ्लोअरवर खरंच उभं करतात का ऑफिसात एक्सेल भरायला बसवतात? स्टायपेंड मिळाला तर बरंच, नाही मिळाला तर दोन महिन्यांचा राहायचा खर्च घरून होईल.

शिरोलीची_क्यूए

अगं कराड म्हणजे तुला एका अंगाला कोल्हापूर आणि दुसऱ्या अंगाला पुणं, तक्रार कसली करतेस. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. वेबसाइट बंद कर आधी. आमच्यासारख्या कारखान्यांनी इंटर्नची जाहिरात कधी दिलेली मी तरी बघितली नाही आणि तरी दर उन्हाळ्यात आमच्या डिपार्टमेंटला पोरं असतात. येतात कशी, तर गेटवर येऊन विचारतात किंवा कुणाच्या तरी हातून क्वालिटी हेडपर्यंत बायोडेटा पोचवतात. एचआरला मेल टाकू नकोस, तिथं तो मेल मरतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, या तिन्ही ठिकाणी फौंड्री आणि मशीन शॉप ओळीनं आहेत. शिरोलीला स्मॅक आणि गोकुळ शिरगावला गोशिमा अशा कारखानदारांच्या असोसिएशन आहेत, त्यांच्या ऑफिसात जाऊन सरळ विचार की स्वतःची क्वालिटी लॅब असलेले मेंबर कोणकोण. लॅब आहे का हे आधी बघायचं. स्पेक्ट्रोमीटर, हार्डनेस टेस्टर, मायक्रोस्कोप एवढं जिथं घरचं आहे तिथं तुला शिकायला मिळेल, जिथं सगळं बाहेरच्या लॅबला पाठवतात तिथं तू फक्त चलन भरशील.

आता आमच्याकडे पोरं काय करतात ते सांगते म्हणजे तयारी कशाची करायची ते तुझं तुलाच कळेल. पहिला आठवडा फेटलिंगनंतर, म्हणजे ओतलेला जॉब घासून साफ केल्यावर, कास्टिंगमधले दोष बघायचे. ब्लो होल, कोल्ड शट, सँड इन्क्लुजन, मिसमॅच, श्रिंकेज. पुस्तकातला फोटो आणि टेबलावरचा जॉब यात लई फरक असतो. ब्लो होल आतून गुळगुळीत, चकचकीत असतं आणि श्रिंकेजचा खड्डा खडबडीत, फाटल्यासारखा, हे बोट फिरवून कळतं. दोन्ही दिसायला भोकंच, पण एकाचं कारण गॅसमध्ये, वाळूच्या ओलाव्यात शोधायचं आणि दुसऱ्याचं रायझरमध्ये (धातू आकसताना जादा धातू पुरवणारा साच्यातला भाग), म्हणजे तू चुकीचं नाव लिहिलंस की मोल्डिंगवाला नको ते दुरुस्त करत बसतो आणि रिजेक्शन तिथंच राहतं.

मग हार्डनेस. ब्रिनेल टेस्टला १० मिमीचा बॉल, ३००० किलोचा लोड, दहा ते पंधरा सेकंद धरायचा. मग ठशाचा व्यास मायक्रोस्कोपनं मोजायचा तो दोन दिशांनी, एकमेकींना काटकोनात, आणि सरासरी घ्यायची. ४.०० मिमी आला तर तक्त्यात हार्डनेस २२९. आता गंमत बघ, नवीन पोरं ठसा मारायच्या आधी जागा नीट ग्राइंड करत नाहीत, कास्टिंगची कातडी तशीच ठेवतात, मग ठशाची कड अस्पष्ट दिसते आणि ३.९ का ४.१ यावर वाद होतो. ४.१ ला तक्ता २१७ देतो, ३.९ ला २४१. खालची लिमिट २२० असली की तिथंच जॉब पास का नापास ठरतो.

येताना दोन गोष्टी पाठ करून ये. एफजी २६० म्हणजे काय आणि एसजी ५००/७ म्हणजे काय. पहिला ग्रे आयर्न, आयएस २१० या भारतीय स्टँडर्डमधला, आकडा टेन्साइलचा (ओढून तुटेपर्यंतच्या ताकदीचा). दुसरा आयएस १८६५ मधला, ५०० टेन्साइल आणि ७ टक्के इलाँगेशन (तुटायच्या आधी लांबणं). आमचे साहेब पहिला प्रश्न हाच विचारतात आणि पुढचं बोलणं त्यावरच ठरतं.

मुलगी म्हणून विचारलंस ते बरोबर विचारलंस. एक्सेलला बसवायचा प्रयत्न होतो, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी सांगायचं की मला लाइनवर उभं करा, रिपोर्ट मी संध्याकाळी भरते. भांडायचं नाही, फक्त रोज फ्लोअरवर दिसायचं. आणि सेफ्टी शूज स्वतःचे घेऊन ये, आयएस १५२९८ चा मार्क बघून, कारण स्टोअरमध्ये लहान मापाचे नसतात आणि ढगळ बुटांत दिवसभर उभं राहणं म्हणजे शिक्षा. ओढणी नको, केस बांधलेले, बाकी काही नाही.

टीपीआय_वाला_पनवेल

फौंड्रीचं ताईंनी सांगितलंच, मी वेल्डिंग आणि प्रेशर व्हेसलच्या बाजूनं सांगतो कारण इन्स्पेक्टर म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर हेल्मेट घातलेला थर्ड पार्टीवाला (ग्राहकाच्या वतीनं तपासणारा बाहेरच्या एजन्सीचा माणूस) येतो आणि सगळे त्या मोठ्या परदेशी एजन्सीजना मेल टाकत बसतात. उत्तर येत नाही आणि येणारही नाही, त्याचं कारण साधं आहे, थर्ड पार्टीचं काम मॅनडेवर (माणसाच्या दिवसाच्या हिशोबावर) चालतं, कुठल्या जॉबला कोण इन्स्पेक्टर जाणार त्याचा सीव्ही क्लायंट आधी मागतो आणि अप्रूव्ह करतो, त्यात इंटर्नला बसवायला जागाच नाही.

म्हणून उलट्या बाजूनं शिरायचं. ज्या फॅब्रिकेटरकडे हे इन्स्पेक्टर येतात त्याच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) डिपार्टमेंटला इंटर्नशिप कर. तळोजा, रबाळे, चाकण, रांजणगाव, जेजुरी, सगळीकडे व्हेसल आणि हीट एक्स्चेंजर बनवणारे आहेत. यादी कुठून आणायची तर एएसएमई या प्रेशर व्हेसलचा कोड काढणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या वेबसाइटवर यू स्टॅम्प (त्या कोडनं व्हेसल बनवायची मान्यता) असलेल्या कंपन्या फुकटात शोधता येतात, भारत टाक आणि महाराष्ट्रातल्या वेगळ्या काढ. स्टॅम्प आहे म्हणजे तिथं क्वालिटी मॅन्युअल आहे, कॅलिब्रेशन आहे, ऑडिट होतं, म्हणजे शिकायला काहीतरी आहे. तिथं महिनाभरात वेगवेगळ्या एजन्सीचे इन्स्पेक्टर तुझ्यासमोर येऊन जातील, त्यांच्यामागं फाइल घेऊन फिरायचं काम इंटर्नलाच देतात आणि खरं शिक्षण त्या फिरण्यात आहे.

काय वाचायचं: एएसएमई कोडचा सेक्शन ९ (वेल्डिंगचा भाग) पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या भानगडीत पडू नकोस. डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं ते), पीक्यूआर (तसं करून घेतलेल्या टेस्टची नोंद) आणि वेल्डर क्वालिफिकेशन या तीन कागदांचं एकमेकांशी नातं काय एवढं समजून घे. मग आयटीपी (इन्स्पेक्शन आणि टेस्टचा प्लॅन), त्यात होल्ड पॉइंट आणि विटनेस पॉइंट यातला फरक. होल्ड म्हणजे इन्स्पेक्टर आल्याशिवाय काम पुढं जाणार नाही, विटनेस म्हणजे त्याला कळवलं आणि वेळ देऊन तो नाही आला तर पुढं जाता येतं. मग मटेरियल सर्टिफिकेट, त्यावर ३.१ (फक्त मिलची तपासणी) का ३.२ (बाहेरच्या इन्स्पेक्टरची पण) हे बघायला शीक.

हीट नंबरचं (धातू कुठल्या वितळीतून आला त्याचा नंबर) जरा लांबण लावून सांगतो. समजा एसए ५१६ ग्रेड ७० या व्हेसलच्या स्टीलची प्लेट आली. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि प्लेटवरचा पंच जुळला, छान. आता ती प्लेट कापायची आहे. कापायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर तो नंबर ट्रान्सफर झाला पाहिजे. कापल्यानंतर केला तर कोपऱ्यात पडलेल्या तुकड्याची जात कुणाला माहीत, दिसायला सगळं लोखंड सारखंच. गॅस कटिंगवाला घाईत असतो, दुपारच्या जेवणाच्या आधी त्याला चार शेल संपवायचे असतात, आणि तेव्हा तिथं पंच आणि हातोडी घेऊन कुणीतरी उभं राहावं लागतं, ते काम इंटर्नला आनंदानं देतात. ते मनापासून कर.

हायड्रोटेस्ट (व्हेसलमध्ये पाणी भरून दाब द्यायची टेस्ट) बघायला मिळाली तर सोडू नको. कोडच्या सेक्शन ८ डिव्हिजन १ ला (व्हेसलचा भाग) साधारण एमएडब्ल्यूपीच्या, म्हणजे व्हेसलला चालणाऱ्या जास्तीत जास्त प्रेशरच्या, १.३ पट. १० बारची व्हेसल तर १३ बार, मटेरियलचा स्ट्रेस रेशो (टेस्टच्या आणि डिझाइनच्या तापमानाला चालणाऱ्या ताणाचं गुणोत्तर) वेगळा असला तर त्यानं गुणायचं. प्रेशर गेज बघ, रेंज टेस्ट प्रेशरच्या दीडपटीपेक्षा कमी नको आणि चौपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे १३ बारला ०-२५ चालेल, ०-१०० लावला असेल तर बोट दाखव. कॅलिब्रेशनची तारीख बघ. वरचा व्हेंट उघडा ठेवून पाणी बाहेर येईपर्यंत भरलंय का बघ, हवा आत अडकली तर ती दाबली जाते आणि काही फुटलं तर जोरात फुटतं. आणि पूर्ण प्रेशरला असताना जॉइंटला नाक लावून बघायला जायचं नाही, प्रेशर खाली आणल्यावर जवळून बघायचं असतं, कोडमध्येच तसं आहे. हौस म्हणून पुढं पळणारी पोरं मी बघितलीत, शॉपवाले हसतात आणि सेफ्टीवाला ओरडतो.

रेडिओग्राफी (किरणांनी वेल्डच्या आतला फोटो काढणं) चालू असेल तेव्हा दोरीच्या आत पाय टाकायचा नाही, कुणी बोलावलं तरी. इरिडियमचा रेडिओअ‍ॅक्टिव्ह सोर्स असतो, काम एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं चालतं, ज्यांच्याकडे टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) आणि ट्रेनिंग आहे ते करतील. तू दुसऱ्या दिवशी फिल्म बघायला बस, व्ह्यूअरवर आधी पेनेट्रामीटरची (फिल्म नीट आलीय का ते दाखवणारी) तार दिसते का ते शोधायचं, मग डिफेक्ट.

जुबैल_रत्नागिरी

मी थोडं वेगळं बोलतो. मी सौदीत आहे, शटडाउनची (प्लांट बंद ठेवून दुरुस्तीची) कामं. एजंटकडे सीव्ही गेला की तो पहिल्यांदा लेव्हल २ आहे का बघतो, नसेल तर पुढं सरकवतच नाही. मी पण असाच कोर्स करून बाहेर पडलोय आणि आज घर त्याच्यावर चालतंय. त्यामुळं सगळेच कोर्स फालतू असं कुणी म्हणू नये. परवडत असेल तर करून ठेव, वाया जात नाही.

टीपीआय_वाला_पनवेल

दादा कोर्स फालतू असं मी म्हटलंच नाही अजून, पण आता विषय निघालाच आहे तर बोलतो.

एसएनटी-टीसी-१ए, म्हणजे एनडीटीवाल्यांना सर्टिफाय कसं करायचं ते सांगणारं अमेरिकन डॉक्युमेंट, काय म्हणतं ते बघा. ते एम्प्लॉयरचं सर्टिफिकेशन आहे. कंपनीची रिटन प्रॅक्टिस (लेखी पद्धत) असते, तिच्या लेव्हल ३ च्या (सगळ्यात वरच्या पायरीच्या माणसाच्या) देखरेखीत ट्रेनिंगचे तास, कामाचे तास आणि परीक्षा असं तिन्ही मिळून माणूस सर्टिफाय होतो. नोकरी सोडली की ते सर्टिफिकेशन संपलं, नवीन कंपनी परत बघणार. यूटीचा (अल्ट्रासोनिक, एनडीटीची एक मेथड) लेव्हल १ म्हणजे २१० तासांचा अनुभव आणि लेव्हल २ म्हणजे ६३० तासांचा, ट्रेनिंग वेगळंच. दहा दिवसांत रात्रंदिवस धरून २४० तास होतात. पाच मेथड कुठून बसवणार? मग त्या कागदावर अनुभवाच्या रकान्यात काय लिहितात ते तुम्हाला पण माहितीय आणि मला पण.

तुम्ही बाहेर गेलात तेव्हा क्लायंटनं तुमची परत टेस्ट घेतली असेलच ना? ब्लॉक पुढं ठेवून?

जुबैल_रत्नागिरी

घेतली ना. यूटीला पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा आमच्या बॅचमधली बरीच पोरं त्याच दिवशी परतीच्या यादीत गेली. मी वाचलो कारण आधी गुजरातेत एका टँक फार्मवर थिकनेस घेत वर्ष काढलं होतं, व्ही१ ब्लॉकवर (यूटीचं मशीन जुळवायचा ठोकळा) डोळे मिटून कॅलिब्रेशन करायचो. ते कोर्समध्ये नव्हतं शिकवलं, कबूल. पण सीव्ही आत जायला कागद लागतो हे पण कबूल करा.

टीपीआय_वाला_पनवेल

कबूल. पण तो कागद अनुभवानंतर घेतला तरी चालतो आणि ही पोरगी अजून थर्ड इयरला आहे. थिअरी पाहिजेच असेल तर आयएसएनटी या एनडीटीवाल्यांच्या भारतीय संस्थेचे पुणे आणि मुंबई चॅप्टर आहेत, त्यांची लेक्चर आणि कोर्स असतात, तिथं जा, चार जुनी माणसं भेटतील. नोकरी पक्की म्हणणाऱ्याला एकच विचारायचं, तुमचा लेव्हल ३ कोण आणि प्रॅक्टिकलला मला पार्ट किती हाताळायला देणार. फोन आपोआप यायचे बंद होतात.

डीपीटी_प्रेमी

तोवर डाय पेनिट्रंट (रंगानं क्रॅक दाखवायची एनडीटी) स्वतः करून बघ, तीन कॅनचा सेट बाजारात मिळतो, महाग नाही, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलचे तुकडे पडलेले असतातच. साफ करा, लाल मारा, किमान पाच मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, दहा मिनिटांनी बघा. नव्वद टक्के लोक पुसताना चुकतात. क्लीनरचा कॅन सरळ जॉबवर मारतात, आणि क्रॅकमध्ये शिरलेला लाल रंगच धुऊन काढतात, मग वर पांढरं शुभ्र दिसतं आणि म्हणतात जॉब ओके. आधी कोरड्या कापडानं पुसायचं, मग कापडावर थोडा क्लीनर घेऊन पुसायचं, जॉबवर मारायचा नाही. हे एवढं इंटरव्ह्यूत सांगितलंस तरी समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

भोसरी_बुशवाला

माझं छोटं मशीन शॉप आहे भोसरीत, सीएनसीवर बुश आणि पिना करतो, टियर वन, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांना थेट माल देणाऱ्या, कंपन्यांना जातात. मी इंटर्न घेतो. खरं सांगायचं तर बहुतेक पोरं फोनवर पहिलाच प्रश्न विचारतात, सर सर्टिफिकेट मिळेल का, यावं लागेल का रोज. त्यांना मी नाही म्हणतो. जी येतात त्यांच्या हातात एक बुश आणि एक मायक्रोमीटर देतो आणि म्हणतो आतला सोड, बाहेरचा व्यास सांग. बस, हाच इंटरव्ह्यू.

मी काय बघतो ते सांगतो, फुकट. मायक्रोमीटर हातात घेतल्यावर पहिल्यांदा तोंडं पुसून, बंद करून झीरो बघतोस का. थिंबल पकडून आवळतोस का रॅचेटनं तीन टिकटिक. एकदाच मोजून सांगतोस का फिरवून दोन-तीन ठिकाणी, कारण पातळ बुश चकात दबून लंबगोल झालेला असू शकतो आणि एकाच मापात तुला गोल वाटतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मशीनवरून आत्ता उतरलेला जॉब असेल तर विचारतोस का, साहेब हा गरम आहे, थंड होऊ देऊ का. स्टीलचा १०० मिमीचा जॉब दहा डिग्रीनं तापला तर सुमारे अकरा मायक्रॉन मोठा दिसतो आणि माझी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असते वीस-एकवीस मायक्रॉन. मोजमापाचं स्टँडर्ड तापमान २० डिग्री आहे, भोसरीत मे महिन्यात २० कुठून आणायचं, म्हणून मास्टर आणि जॉब एकाच टेबलावर शेजारी ठेवून मग मोजतो.

२५ मिमीच्या भोकाला २५ एच७ लिहिलं म्हणजे २५.००० ते २५.०२१ हे तोंडपाठ पाहिजे. प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) गो बाजू आपल्या वजनानं गेली पाहिजे, ढकलायची नाही, आणि नो-गो शिरता कामा नये. मुलं नो-गो पण दाबून घालतात आणि मग म्हणतात सर गेली! गेली कारण तू घातलीस.

इथं ऑटोमध्ये आलीस तर कंट्रोल प्लॅन (कुठल्या टप्प्याला काय आणि कसं तपासायचं त्याचा तक्ता), पीपीएपी (पार्टला कस्टमरची मंजुरी), एमएसए (मोजमापाच्या पद्धतीची तपासणी) हे शब्द दिवसभर कानावर पडतील. आधी पाठ करून येऊ नकोस. आल्यावर एका पार्टचा कंट्रोल प्लॅन घे आणि तो हातात धरून कच्च्या बारपासून पॅकिंगपर्यंत त्या पार्टच्या मागं चाल, लिहिलंय तसं होतंय का बघ. नसेल होत तर मला येऊन सांग, ऑपरेटरला नको सांगूस, तो माझ्यापेक्षा जास्त चिडतो.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. इंटर्ननं रिपोर्टवर चेक्ड बायच्या खाली सही करायची नाही. माझ्याकडे नाही आणि कुठंच नाही. संध्याकाळी गाडी लागलेली असते, सुपरवायझर म्हणतो अगं कर सही, कालचेच आकडे टाक, पार्ट तोच आहे. असं कुणी म्हणालं तर मापलेलं लिहीन, नाही मापलं ते कोरं ठेवीन एवढंच बोल. मालक म्हणून मला पण ते परवडतं, कस्टमरकडून लाइन रिजेक्शन आलं की सॉर्टिंगला माणसं पाठवायचा खर्च बुशच्या किमतीच्या कितीतरी वर जातो.

अप्रेंटिस_संभाजीनगर

एनएटीएसचं (सरकारी अप्रेंटिसशिप योजना) कुणीच बोललं नाही. ते पास झाल्यावरचं आहे, वर्षभराची अप्रेंटिसशिप, आत्ताच्या उन्हाळ्याला उपयोग नाही पण पुढच्या वर्षी लक्षात ठेव. २०१९ च्या नियमांत ग्रॅज्युएटला किमान ९००० आणि डिप्लोमाला ८००० होतं, रजिस्टर करताना चालू रक्कम बघ. आपल्याकडचं अप्रेंटिसशिप बोर्डाचं ऑफिस मुंबईला सायनला आहे. वाळूजला बऱ्याच कंपन्या याच्यातून क्वालिटीला पोरं घेतात. आणि इकडं इंडो-जर्मन टूल रूम आहे, मेजरिंग शिकायचं असेल तर ते पस्तीस हजार तिकडं लागलेले बरे, कोर्सच्या तारखा आणि फी फोन करून विचार.

कराडची_मेक

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. इन्स्टिट्यूटवाल्याला लेव्हल ३ कोण म्हणून विचारलं, तो म्हणाला मॅडम ते तुम्हाला कळणार नाही. त्यामुळं तो विषय मिटला, घरी पण सांगितलं.

मी फौंड्री आणि मशीन शॉप दोन्हीकडे विचारणार आहे. मेल असा लिहिलाय, बघता का जरा:

आदरणीय सर, मी एक मेहनती आणि जिज्ञासू विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित कंपनीत इंटर्नशिप करण्याची संधी मिळाल्यास माझ्या ज्ञानात भर पडेल. कृपया माझा विचार व्हावा.

शिरोलीची_क्यूए

हा मेल मी उघडून लगेच बंद करेन गं, वाईट वाटून घेऊ नको. मेहनती सगळेच लिहितात. मला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कधीपासून कधीपर्यंत येणार, तुला काय येतं, आणि राहायची सोय तुझी तू करणार का माझ्या गळ्यात. असं लिही:

सर, मी कराडला मेकॅनिकल थर्ड इयरला आहे. जूनच्या पहिल्या तारखेपासून आठ आठवडे रोज पूर्ण शिफ्ट येऊ शकते, राहायची सोय माझी आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज वापरता येतं, जीडी अँड टीचं (आकार आणि जागेच्या टॉलरन्सच्या खुणांचं) ड्रॉइंग वाचता येतं, सोबत कॉलेजच्या एका पार्टचा मी केलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडलाय. फेटलिंग इन्स्पेक्शन किंवा लॅब, कुठंही चालेल. कॉलेजचं लेटर आणि विमा कॉलेजकडून मिळेल.

तारखा तुझ्या टाक. विम्याचं खरंच कॉलेजला विचार, आमच्याकडे गेटवर पहिलं तेच मागतात. आणि तो रिपोर्ट जोडणं महत्त्वाचं. वर्कशॉपमधला कुठलाही पार्ट घे, ड्रॉइंगवरच्या मापांना फुगे काढून नंबर घाल, समोर टॉलरन्स, वापरलेलं इन्स्ट्रुमेंट, त्याचा आयडी नंबर, आलेलं माप, ओके का नॉट ओके. एक तरी माप नॉट ओके येऊ दे, सगळं ओके दाखवलेला रिपोर्ट मी विश्वासानं वाचत नाही. मेल गेल्यावर दोन दिवसांनी फोन कर, सकाळी अकराच्या आधी नको, तेव्हा आमची रिजेक्शन मीटिंग असते आणि कुणाचाच मूड धड नसतो.

कराडची_मेक

आमच्या वर्कशॉपच्या इन्स्ट्रुमेंटवर आयडी नंबरच नाहीत मॅडम, कॅलिब्रेशनचं स्टिकर पण नाही. मग तो रकाना कसा भरू?

भोसरी_बुशवाला

तसंच लिही, आयडी नाही, कॅलिब्रेशन नाही, स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर) तपासून वापरला, अमुक इतका फरक आला. हेच मी वाचलं तर तुला मायक्रोमीटरची टेस्ट न घेता ठेवीन. कॉलेजात स्लिप गेजचा बॉक्स कपाटात कुलूपबंद असतो, लॅब असिस्टंटला चहा पाज.

आणि माझ्याकडे यायचं असेल तर व्यनि कर, पत्ता देतो. गुरुवार सोडून कधीही ये, गुरुवारी आमची सुट्टी असते.